एक एकर गहू : क्वापेलच्या खोऱ्यातलं एक प्रकरण

१८८९ साली कॅनडाच्या इंडियन खात्याने प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानात, आधीपासून राहणाऱ्या क्री आणि सोटो लोकांतल्या शेतकऱ्यांना गहू कसा पिकवायचा याचे नियम घालून दिले. बी हाताने फोकून पेरायचं. पीक लांब दांड्याच्या विळ्याने कापायचं. गव्हाच्याच काडांना पीळ देऊन पेंढ्या बांधायच्या, दांडक्यांनी झोडपून दाणे काढायचे आणि घरच्या जात्यावर दळायचे. दाताळ, गाडी, जू, वैरण उचलायचे काटे हे सगळं घरच्या घरी तयार करायचं, बाजारातून आणायचं नाही. आणि एका कुटुंबाने गहू किती करायचा? साधारण एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. जोडीला थोडा भाजीपाला, कंदमुळं आणि एखाद-दुसरी गाय.

आपल्याकडचा शेतकरी यातल्या पहिल्याच नियमाला अडखळेल. गहू, आणि फोकून? तिफण आणि पाभर आपल्या शिवारात कित्येक पिढ्यांपासून आहेत. ओळीत पेरलेल्या आणि विस्कटून टाकलेल्या बियाण्यातला फरक शेतकऱ्याच्या घरातल्या पोरालाही कळतो. त्या १८८९ सालच्या प्रेअरीत तर रिझर्व्हच्या, म्हणजे या लोकांसाठी राखलेल्या जमिनीच्या, हद्दीपलीकडे गोऱ्या शेतकऱ्याच्या रानात घोड्यांनी ओढायचा बाइंडर चालत होता. तो गहू कापत होता आणि पेंढ्याही बांधत होता. अलीकडे मात्र खात्याने माणसाच्या हातात विळा दिला होता. गावाने स्वतःचे पैसे जमवून यंत्र घ्यायचं ठरवलं तरी परवानगी मिळत नव्हती.

या नियमांमागचं धोरण जेमतेम आठ वर्षं टिकलं. प्रेअरीचा इतिहास नव्याने वाचायचा तर मला याच आठ वर्षांपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण नंतर जवळजवळ शंभर वर्षं सांगितली गेलेली एक गोष्ट या काळातल्या कागदपत्रांपुढे उभी राहत नाही. ती गोष्ट अशी: मैदानातले लोक शिकारी, रक्तात भटकंती, सरकारने नांगर दिले, बी दिलं, शिकवायला माणसं दिली, पण त्यांना शेती जमली नाही, जमीन पडून राहिली आणि कष्टाळू वसाहतकऱ्यांनी ती पिकवली. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतही प्रेअरी ‘गव्हाचं कोठार’ म्हणून येते आणि त्या कोठारात जणू आधी कोणी राहतच नव्हतं.

(शब्दांबद्दल आधीच सांगतो. ‘रेड इंडियन’ हा मराठीत रुळलेला शब्द मी वापरणार नाही. ‘आदिवासी’ आणि ‘मूलनिवासी’ या शब्दांना आपल्याकडे आपापले अर्थ आहेत, ते तिकडच्या लोकांवर लादायला नकोत. ते स्वतःला फर्स्ट नेशन्स म्हणवतात, त्याआधी क्री, सोटो, नाकोडा, डकोटा म्हणवतात. सरकारी खात्याचं आणि कायद्याचं नाव मात्र ‘इंडियन’च होतं, ते तसंच ठेवलं आहे.)

जमीन हवी, माणसं नकोत

इंग्रजी राज्य म्हटलं की आपल्याला सारा वसूल करणारं राज्य आठवतं. कलेक्टर, मामलेदार, मोजणी, जमाबंदी. त्या राज्याला रयत जागेवर हवी होती, कारण सारा तिच्याकडूनच यायचा. प्रेअरीत हिशेब उलटा होता. तिथे आलेले लोक राज्य करून परत जायला आले नव्हते, नांदायला आले होते. त्यांना हवी होती ती जमीन, तिच्यावरची माणसं आड येत होती. या वसाहतवादाला ‘सेटलर’ वसाहतवाद म्हणतात. आपल्या अनुभवात तो नीट बसत नाही, म्हणून हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

हा सगळा मुलूख हडसन्स बे कंपनीच्या नावावर होता. १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाने तिला सनद दिली होती, ईस्ट इंडिया कंपनीला दिली होती तशीच. १८७० मध्ये कंपनीने आपला हक्क कॅनडाकडे सोपवला आणि ३ लाख पौंड घेतले. सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्साही राखून ठेवला. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. रेड नदीकाठच्या मेती (युरोपी आणि तिथल्या लोकांच्या मिश्र वंशाच्या) लोकांनी लुई रिएलच्या नेतृत्वाखाली उठाव केला तो याच व्यवहाराच्या वेळी. मग १८७२ चा जमीन कायदा आला. सारं मैदान मैलामैलाच्या चौकोनांत आखलं गेलं. चौकोन ६४० एकरांचा आणि अशा ३६ चौकोनांचं एक टाउनशिप. चौकोनाचा चौथा हिस्सा, १६० एकर, १० डॉलर फी भरून मिळायचा. तीन वर्षं तिथे राहायचं, ठरलेली जमीन मोडून पिकाखाली आणायची, की मालकीचा कागद हातात. १८७६ च्या इंडियन कायद्याने मात्र ही सोय फर्स्ट नेशन्सच्या माणसांना नाकारली. ज्यांची भूमी, त्यांनाच तिथे १६० एकर मागता येत नव्हते.

सॅस्कॅचेवानच्या दक्षिणेला क्वापेल नदीचं खोरं आहे. १५ सप्टेंबर १८७४ रोजी फोर्ट क्वापेल इथे क्री, सोटो आणि नाकोडा प्रमुखांनी कॅनडाशी चौथ्या क्रमांकाचा तह केला. सरकारच्या वतीने अलेक्झांडर मॉरिस आले होते. तहाची बोलणी कित्येक दिवस पुढे सरकेनात, कारण प्रमुखांना आधी कंपनीच्या व्यवहाराबद्दल जाब हवा होता. पास्क्वा या प्रमुखाने तिथे बसलेल्या कंपनीच्या माणसाकडे बोट दाखवलं आणि सरळ सांगितलं: तुम्ही आमची जमीन ३ लाख पौंडांना विकली असं म्हणता, तर ते पैसे आम्हाला हवेत. हे सरकारच्याच टिपणांत नोंदलेलं आहे. आपल्या जमिनीचा सौदा परस्पर झाला आहे आणि तो किती रकमेला झाला, हे या माणसांना पक्कं ठाऊक होतं. ‘त्यांना तह म्हणजे काय ते कळलंच नसेल’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा वाचावा. तहाबद्दल क्री आणि सोटो वडीलधाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या सांगितलेली आठवणही अशी आहे की जमीन विकली नव्हती, वाटून घेतली होती, तीही नांगराच्या फाळाइतकी खोल.

तहात शेतीबद्दल काय लिहिलं होतं ते इथे तपशिलाने द्यायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे. पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल जमीन. प्रत्यक्ष शेती करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला दोन कुदळ्या, एक फावडं, एक लांब दांड्याचा विळा, एक कुऱ्हाड. मोडलेल्या जमिनीला पुरेल इतकं गहू, बार्ली, ओट आणि बटाट्याचं बी. अशा दहा कुटुंबांत मिळून एक नांगर आणि दोन दाताळ. सगळ्या टोळीसाठी प्रमुखाच्या ताब्यात एक बैलजोडी, एक वळू, चार गायी, सुताराची एक पेटी, काही करवती आणि एक सहाण.

दहा घरांत एक नांगर. वाफसा आला की तो कोणासाठी थांबत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. प्रेअरीत बर्फ वितळल्यापासून पेरणीपर्यंत हातात मोजके आठवडे असतात. दहाव्या घराची पाळी येईपर्यंत रान वाळलेलं असणार. त्यात ‘प्रत्यक्ष शेती करणाऱ्या’ या शब्दांवर अधिकारी अडून बसले: आधी शेती करून दाखवा, मग नांगर. नांगराशिवाय ती करायची कशी, याचं उत्तर कोणी देत नव्हतं.

यश आलं, तेव्हा

१८७९ पर्यंत कॅनडाच्या मैदानातून गवे (तिकडचे बायसन) जवळजवळ संपले. अन्न, तंबूचं कातडं, व्यापार, सगळं एकदम गेलं. पुढची काही वर्षं उपासमारीची होती. तोटका शिधा द्यायचा आणि त्याच्या बदल्यात काम करून घ्यायचं, असं सरकारचं चालू होतं. त्याच वर्षी शेती शिकवायला पूर्वेकडच्या ऑन्टारिओतून माणसं आणली गेली. त्यांच्यातल्या बहुतेकांना ऑन्टारिओचा पाऊस माहीत होता, प्रेअरीचा नाही.

एवढं असूनही लोक शेतीला लागले. ही गोष्ट जुन्या इतिहासात हरवली आहे, म्हणून तिच्यावर भर देतो. तहाच्या वेळी अवजारं, गुरं आणि बियाणं मागणारे हेच प्रमुख होते. शेती त्यांच्यावर कोणी लादली नव्हती. गवे संपत चालल्याचं त्यांना दिसत होतं आणि पोट भरायला त्यांनी ती मागून घेतली होती. शेती या मुलखाला परकी होती हेही खरं नाही. मॅनिटोबात लॉकपोर्ट इथे रेड नदीकाठी उत्खननात मका पिकवल्याच्या खुणा मिळाल्या आहेत, त्या युरोपी माणूस तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. तिथे सापडलेल्या कुदळी गव्याच्या खांद्याच्या हाडाच्या आहेत. पसरट, दणकट हाड, एका बाजूला धार, दुसरीकडे लाकडी दांडा बांधायची जागा. ती कुदळ डोळ्यांसमोर आणली की ‘शिकारी लोक आणि शेतकरी लोक’ अशी वाटणी करणं अवघड होतं. गव्याची शिकार करणारा आणि त्याच्याच हाडाने मका खुरपणारा माणूस एकाच घरातला होता.

१८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत क्वापेल खोऱ्यातल्या रिझर्व्हवर पिकाखालचं रान वाढलं होतं. शेतकरी वर्गणी काढून गवत कापायची यंत्रं, दंताळी आणि बाइंडर घेत होते. काउएसेस रिझर्व्हवरचा लुई ओसूप या भागातला नावाजलेला शेतकरी झाला. पिकलेलं धान्य आणि वैरण जवळच्या गावांत विकायला येऊ लागली, आणि तिथेच दुखणं सुरू झालं. १८८८ मध्ये उत्तरेकडच्या बॅटलफर्डच्या गोऱ्या रहिवाशांनी आपल्या खासदाराकडे अर्ज केला, की इंडियन लोक इतकं धान्य पिकवू लागले आहेत की आमची बाजारपेठच जाते आहे. हा अर्ज मी दोन-तीनदा वाचला. ज्यांना शेती जमत नाही असं सांगितलं गेलं, त्यांच्या शेतीची शेजाऱ्यांना इतकी धास्ती होती. दुसऱ्याच वर्षी एक एकर गव्हाचा नियम आला.

हेटर रीडची शिडी

नियम घालणारे कमिशनर होते हेटर रीड. १८८८ पासून ते या पदावर होते, पुढे १८९३ मध्ये ओटावात खात्याचे सर्वोच्च अधिकारी झाले. मानवी समाज एकेक पायरी चढत वर जातो, ही त्या काळातली प्रतिष्ठित समजूत होती: आधी रानटी, मग अर्धवट सुधारलेला, मग सुसंस्कृत. मधली पायरी गाळून पुढे उडी मारता येत नाही. मग शिकाऱ्याला एकदम बाइंडर कसा द्यायचा? त्याने आधी युरोपातल्या जुन्या कुळांसारखं हाताने राबावं, मग यथावकाश यंत्र. यंत्र ही मजुरांची टंचाई असलेल्या गोऱ्या शेतकऱ्याची गरज आहे, रिझर्व्हवर हात मुबलक आहेत, असाही त्यांचा युक्तिवाद होता. बायका-मुलांना कामाला लावा, इतर देशांतली शेतकरी कुटुंबं तेच करतात, असं ते म्हणत. कर्ज काढून यंत्रं घेतली तर लोक बुडतील, ही काळजीही त्यांनी बोलून दाखवली होती.

या माणसाला निव्वळ दुष्ट ठरवून मोकळं व्हावंसं मला वाटत नाही. कर्जाची भीती खोटी नव्हती. त्या वर्षांत बाइंडरच्या हप्त्यांनी गोरे शेतकरीही बुडाले. पण काळजी कर्जाची असती तर रोख पैसे देणाऱ्याला यंत्र नाकारायचं कारण नव्हतं. आणि मुलं राबायला होती कुठे? खोऱ्यातच लेब्रे इथे १८८४ पासून औद्योगिक शाळा चालू होती, मुलं घरापासून तोडून तिथे नेली जात होती.

कापणीच्या दिवसांत काय होत असेल ते जरा जवळून पाहू. प्रेअरीचा हंगाम आखूड. ऑगस्ट सरत आला की एखाद्या रात्री थंडी अशी उतरते की दाणा भरायच्या आत गोठतो आणि सकाळी लोंबी काळवंडलेली दिसते. त्याआधी गाराही येऊ शकतात. गहू पिवळा पडल्यापासून त्या रात्रीपर्यंतचे दिवस मोजकेच. बाइंडर असेल तर माणूस दिवसाला कित्येक एकर उरकतो. विळ्याने कापून, मागे पेंढ्या बांधत, बिचारा एक कुटुंबकबिला किती उरकणार? त्यातच हिवाळ्यासाठी गुरांची वैरण कापायची तीही याच दिवसांत, त्याच विळ्याने. गहू सोडावा की गवत? पीक उभ्यानेच गेल्याच्या तक्रारी रिझर्व्हवरचे शेती-शिक्षक आणि एजंट वरती लिहीत राहिले. हे खात्याचेच पगारी नोकर, त्यांना क्री लोकांची बाजू घ्यायची हौस नव्हती. तरी ते लिहीत होते, की यंत्राशिवाय हे होणार नाही, लोक हिरमुसले आहेत, काही जण शेती सोडून चालले आहेत. वरून उत्तर येई ते ठाम नकाराचं.

शेतीशास्त्राच्या बाजूनेही एक एकराचा हिशेब चुकीचा होता, आणि हे माझ्या मते पुरेसं सांगितलं जात नाही. कमी पावसाच्या या भागात गहू टिकवायचा मार्ग याच खोऱ्याशेजारी इंडियन हेड इथे अँगस मकाय यांना गवसला होता. १८८५ मध्ये मेती आणि काही क्री लोकांनी कॅनडाविरुद्ध उठाव केला, त्या लढाईत घोडे लष्कराच्या वाहतुकीला गेले, रान पेरायचं राहिलं, नुसतीच मशागत झाली. आणि पुढच्या कोरड्या वर्षी त्याच रानात पीक आलं. एक वर्ष जमीन मोकळी ठेवायची, तण काढत राहायचं, ओल साठवायची. सोलापूर-नगरकडे खरिपाला रान मोकळं ठेवून त्या ओलीवर रब्बीची ज्वारी घेतात, त्याच्याच जवळचा हा विचार. मकायांनी पुढे तिथल्या सरकारी प्रायोगिक शेतावरून हीच पद्धत शिकवली. या पद्धतीला जमीन भरपूर लागते आणि मशागत वेळेवर लागते. म्हणजे सरकारचं एक खातं रुंद रानाची, यंत्राची शेती शिकवत होतं, आणि काही मैलांवर त्याच सरकारचं दुसरं खातं एक एकर आणि हातविळा.

त्या काळात दुष्काळ होता, गव्हाचा भाव पडला होता, असं रीडच्या बाजूने म्हणता येईल. होताच. इंडियन हेडलाच १८८२ मध्ये मेजर विल्यम बेल यांनी ५० हजार एकरांहून मोठं कंपनीचं शेत काढलं होतं. भांडवल होतं, यंत्रं होती, रेल्वे दाराशी होती. शतक संपायच्या आत तेही मोडलं. प्रेअरीत १८७० नंतर नोंदल्या गेलेल्या होमस्टेडपैकी, म्हणजे १० डॉलर फीच्या त्या १६० एकरांच्या तुकड्यांपैकी, दर दहांतली सुमारे चार मालकीपर्यंत पोचलीच नाहीत. पण बेलच्या शेताबद्दल किंवा त्या चारांबद्दल कोणी असं लिहिलं नाही की इंग्रजांच्या किंवा स्कॉटिश माणसाच्या रक्तातच शेती नाही. तिथे दोष पावसाचा, भावाचा, भांडवलाचा निघतो. रिझर्व्हच्या हद्दीत शिरताच तोच दोष माणसाच्या जातकुळीचा होतो. जुन्या इतिहासात मला सर्वांत जास्त खुपलं ते हे.

परवाना

धान्य पिकलं तरी विकायचं कसं? १८८१ च्या दुरुस्तीने प्रेअरीतल्या इंडियन शेतकऱ्याला एजंटच्या परवान्याशिवाय धान्य विकायची बंदी झाली. पुढे गुरं, वैरण, लाकूडही या जाळ्यात आलं. खात्याने दिलेल्या गुरांवर ‘आयडी’ अशी दोन अक्षरं डागलेली असत, इंडियन डिपार्टमेंटची. गाय तुमच्या गोठ्यात, चारा तुमचा, हिवाळाभर कष्ट तुमचे, पण डाग खात्याचा.

१८८५ च्या उठावानंतर रिझर्व्हबाहेर जायलाही एजंटचा पास लागू लागला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हजेरी आणि दाखला आला, पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारध्यांसारख्या जमातींनी तो भोगला. तिथे निदान कायदा तरी होता. कॅनडातल्या पासला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. घोडेस्वार पोलिसांनी १८९० च्या दशकात याच कारणासाठी अंमलबजावणीला कां-कूं केली, तरी रिझर्व्हवर पास चालूच राहिला, कारण शिधा एजंटच्या हातात होता.

१८९३ मध्ये पास्क्वा (त्या प्रमुखाच्याच नावाचं रिझर्व्ह) आणि मस्कोपेटंग या रिझर्व्हवरच्या प्रमुख मंडळींनी थेट कॅनडाच्या लोकसभेकडे अर्ज पाठवला. काही विकून चार पैसे मिळवायची संधी आली की एजंट किंवा शिक्षक मध्ये येतो आणि तुम्हाला विकायचा अधिकार नाही म्हणतो. असंच चाललं तर आम्ही पोट कसं भरायचं. आम्ही स्वतः वाढवलेली गुरंसुद्धा आम्हाला विकता येत नाहीत. अर्जाचा आशय एवढाच. त्यात दया मागितलेली नाही. हा बाजार ओळखणाऱ्या माणसांनी व्यवहारातली अडचण नेमकी मांडली आहे. नव्या इतिहासाची चर्चा करताना या लोकांना फक्त पीडित म्हणून रंगवायची चूक होते. त्यांनी वर्गणी काढली, यंत्रं घेतली, अर्ज केले, शिष्टमंडळं पाठवली. ओसूप तर १९११ मध्येही ओटावाला जाऊन गाऱ्हाणं मांडत होता.

उरलेली जमीन

एक एकराच्या नियमाबरोबर आणखी एक काम चालू होतं. रिझर्व्हच्या जमिनीची मोजणी होऊन तिचे ४० एकरांचे तुकडे पडत होते. गोऱ्याला १६०, याला ४०. सामाईक जमीन तोडून प्रत्येकाला त्याचा तुकडा दिला की टोळीचं बंधन सैल होईल, हा त्यामागचा उघड हेतू. त्याचा दुसरा परिणाम साध्या वजाबाकीचा आहे. तहाने कुटुंबामागे एक चौरस मैल दिला होता, म्हणजे ६४०. त्यातले ४० वापरात दाखवले की बाकीची जमीन ‘जास्तीची’ ठरते. विळ्याने माणूस पिकवणार तरी किती? कमी पिकतं म्हणून कमी लागते, कमी लागते म्हणून उरलेली काढून घेता येते.

सरकार बदललं, १८९७ मध्ये रीड गेले आणि हातविळ्याचं धोरण विरलं. पण वजाबाकी कागदावर तशीच राहिली. १९०६ च्या दुरुस्तीने, जमीन सोडून दिली तर विक्रीच्या रकमेचा अर्ध्यापर्यंतचा हिस्सा ताबडतोब हातात द्यायची मुभा झाली. उपाशी घराला हे किती ओढ लावणारं असेल ते सांगायला नको. त्याच वर्षी पास्क्वाची आणि १९०७ मध्ये काउएसेसची मोठी जमीन गेली. १८९६ ते १९११ या पंधरा वर्षांत प्रेअरीतल्या रिझर्व्हची सुमारे पाचवा हिस्सा जमीन अशी ‘सोडून दिली’ गेली. तिच्यावर गहू पिकला, आणि तो वसाहतकऱ्यांच्या कष्टांच्या नावावर नोंदला गेला. त्यांनी कष्ट केले हे खोटं नाही. मातीच्या घरात पहिला हिवाळा काढणारी ती कुटुंबंही गरीबच होती, आणि आपल्या १६० एकरांचा मागचा इतिहास त्यांच्यातल्या कित्येकांना कोणी सांगितला नव्हता.

तेच दप्तर

हा सगळा उलगडा झाला तो सारा कार्टर या इतिहासकारांच्या १९९० च्या ‘लॉस्ट हार्वेस्ट्स’ या पुस्तकाने. त्यांना कुठला गुप्त खजिना सापडला नव्हता. इंडियन खात्याचंच दप्तर त्यांनी वाचलं: एजंटांचे अहवाल, शिक्षकांची पत्रं, वरून आलेली उत्तरं. तो कागद आधीपासून तिथेच होता. ‘त्यांना शेती का जमली नाही’ हा प्रश्न घेऊन दप्तरात शिरलेल्याला आळस, भटकंती, हवामान अशी उत्तरं सापडत गेली, कारण अहवाल लिहिणाऱ्यांनी ती जागोजागी पेरलेली आहेत. ‘ती होऊ कोणी दिली नाही’ असं विचारल्यावर त्याच अहवालांतून नाकारलेली यंत्रं, अडवलेले परवाने आणि उभ्याने गेलेला गहू बाहेर आला.

पण खात्याचं दप्तर कितीही उलटंसुलटं वाचलं तरी ते खात्याचंच. क्वापेलच्या बाबतीत दुसऱ्या बाजूचीही एक नोंद आहे. पास्क्वा, म्हणजे १८७४ मध्ये ३ लाख पौंड मागणारा तोच प्रमुख. त्याने दोन पानांवर चित्रांची नोंद केली होती. एका पानावर तहाची बोलणी, दुसऱ्यावर तहापोटी काय काय मिळालं त्याची चित्रं. लिहिता न येणाऱ्याची ही हिशेबाची वही. १८८३ मध्ये या भागातून गेलेल्या एका इंग्रज प्रवाशाकडे ती पानं गेली आणि शंभराहून जास्त वर्षं इंग्लंडात राहिली. २००७ मध्ये ती परत आली, आता रेजायनाच्या रॉयल सॅस्कॅचेवान म्युझियममध्ये आहेत.

तहात ठरलेलं मिळालं नाही म्हणून फर्स्ट नेशन्सनी सरकारवर दावे लावले ते अगदी अलीकडे. एवढा काळ का लागला, याचंही उत्तर कायद्यात आहे. १९२७ पासून १९५१ पर्यंत अशा दाव्यासाठी पैसे गोळा करणं हाच गुन्हा होता. परवान्याशिवाय धान्य आणि गुरं विकायला मनाई करणारं कलम वापरात नसलं तरी इंडियन कायद्यात २०१४ पर्यंत छापलेलं होतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच, सहा आणि दहा क्रमांकांच्या तहांतल्या नऊ फर्स्ट नेशन्सना कॅनडाने सुमारे १.४ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. यात क्वापेलचा चौथा तह नाही, पण दावा त्याच जातीचा आहे, तहात लिहिलेली शेतीची मदत दिली नाही हा. लोक या दाव्यांना ‘काउज अँड प्लाउज’ म्हणतात, गायी आणि नांगर. असा दावा उभा करायचा तर मोजावं लागतं ते हेच: किती कुदळ्या, किती फावडी, किती विळे, किती बैल, किती बी; ठरलं काय आणि आलं काय. पास्क्वाने आपल्या दुसऱ्या पानावर हीच मोजणी काढून ठेवली होती, तहाला पुरती दहा वर्षं व्हायच्या आधी.